आबा गोळी घेत नाहीत

प्रश्न : मॅडम, सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावी, माहेरी बसून हे लिहिते आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय 71. गालाचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, नंतर लाईटही (रेडिएशन) घेतली, पण दिवाळीनंतर तो पुन्हा उठला. आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. आबा त्या घेत नाहीत. नाकातल्या नळीतून पेज घेतात, पट्टी बदलू देतात, बाकीची औषधंही चालतात. फक्त ती गोळी नाही. बोलता येत नाही म्हणून माझ्या भाच्याच्या पाटीवर लिहितात. काल लिहिलं, 'भोग आहेत. इथंच फेडून जाऊ दे. पुढं बाकी नको.' आणि बाहीनं पुसून टाकलं.

आबा माळकरी आहेत. पंढरपूरची महिन्याची वारी त्यांनी आजारपणापर्यंत चुकवली नाही. रात्री दोनच्या सुमारास उठतात आणि सोप्यातल्या खांबाला कपाळ टेकून उभे राहतात. आवाज करत नाहीत. फक्त पायाची बोटं आवळलेली दिसतात. मी अंथरुणातून बघत असते.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, गोळी कुटून पेजेत घाल, त्यांना कळायचंही नाही. वहिनी म्हणते, त्यांची श्रद्धा आहे, आपण कोण मोडणारे? चुलते पलीकडच्या वस्तीवर राहतात, पण विहिरीच्या वाटणीपासून येणं-जाणं बंद आहे, त्यामुळे घरात दुसरं मोठं माणूस नाही. तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत म्हणून विचारते. त्यांचं दुखणं मोठं की त्या दुखण्याला त्यांनी दिलेला अर्थ मोठा? आणि मला बघवत नाही, ते कुठे धरायचं?

उत्तर : ताई, अंक निघायला वेळ होता म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन मी तुमच्याशी बोललेच आहे. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण अशी रात्र काढणारं घर तुमचं एकट्याचं नाही.

गोळी कुटून पेजेत घालू नका. हे आधी औषधाच्या बाजूने सांगते. मॉर्फिनच्या गोळ्या दोन तऱ्हेच्या असतात. साधी गोळी साधारण चार तास चालते. दुसरी हळूहळू विरघळणारी, ती बारा तास पुरावी म्हणून बनवलेली असते. ही दुसरी कुटली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. तुमच्याकडे कुठली आहे ते पाकिटावर बघून डॉक्टरांना विचारा. नळीवाटे द्यायची वेळ आली तर कुठल्या रूपात द्यायची हेही त्यांनीच सांगायचं.

आता दुसरी बाजू. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 मध्ये मांडलं की माणसाला नुसतं साधन म्हणून कधी वापरू नये, मग हेतू कितीही चांगला असो. वर्गात हे शिकवताना मुलांना कोरडं वाटायचं. रुग्णांच्या घरी जायला लागल्यावर मला ते फार ओलं वाटायला लागलं. आबांजवळ आज त्यांचं म्हणता येईल असं काय उरलंय? आवाज गेला, चव गेली, चालणं सोप्यापुरतं राहिलं. 'नको' म्हणणं उरलंय, पाटीवर का होईना. ते चोरून काढून घेतलं तर दुखणं कमी होईल, पण ज्याचं कमी करायचं त्याला आपण हिशेबातून वगळलेलं असेल. शिवाय त्यांना कळतं. मॉर्फिनने पहिले दोन-चार दिवस झापड येते. एकदा संशय आला की ते पेजही नको म्हणतील, आणि मग तुमच्या हातात काहीच राहणार नाही.

भावाचं म्हणणं तरीही उडवून लावू नका. तो दुष्टपणाने बोलत नाहीये. त्याच्यामागे जेरेमी बेंथम हा इंग्लिश तत्त्वज्ञ उभा आहे. त्याने 1789 मध्ये सुखदुःखाचा ताळेबंद मांडायची रीत सांगितली : दुखणं किती तीव्र, किती वेळ, किती जणांना. त्या तराजूत तुमच्या घरचं सगळं दुखणं एका पारड्यात येतं, तुमचं जागरणही, आणि गोळीकडचं पारडं थेट जमिनीला टेकतं. बेंथमबद्दल मला आदर आहे. जनावरांविषयी बोलतानाही त्याने विचारलं ते एवढंच की त्यांना दुखतं का. दुखणं खरं आहे, ते कुठल्याही मोठ्या शब्दाखाली झाकू नये, हे त्याच्याकडून शिकावं. पण त्याच्या तराजूत आबांची पाटी कुठे ठेवायची ते मला कधी सापडलं नाही.

वहिनींचं काय? श्रद्धा मोडू नये हे बरोबर. पण श्रद्धा काय सांगते हे एकदा आबांच्याच घरात शिरून बघू या. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगितलेत. हट्टाने स्वतःच्या देहाला पिडून केलेलं तप तिथे तामस म्हटलं आहे, आणि देहाला छळणारे देहातल्या देवालाही छळतात असं सांगितलंय. चरकसंहितेत तर सरळ युक्तिवादच आहे : आयुष्य जर सगळं आधीच ठरलेलं असतं तर औषधांची गरजच काय होती? पूर्वकर्म एक आणि या जन्मीचा प्रयत्न दुसरा, दोन्ही मिळून आयुष्य घडतं. वारकऱ्यांचा मार्ग तर संसारात राहून नाम घ्यायचा, खिळ्यांवर झोपायचा नव्हे. म्हणजे 'गोळी घेतली तर भोग चुकवले' असं आबांच्या परंपरेतली मोठी माणसं म्हणत नाहीत. भोगात दुखणं असेल तर डॉक्टर भेटणं, लेक उशाशी असणं, गोळी मिळणं हेही त्याच खात्यातलं का नाही?

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे आणि ते मी लपवणार नाही. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवलं आणि 15 तारखेला ते गेले. लोकांनी विनवण्या केल्या, त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा निर्णय मला कळतो, कारण त्यात सगळं एका रेषेत होतं. जायची वेळ आली असं त्यांनी ठरवलं होतं आणि मग सगळंच सोडलं. आबांचं तसं नाही. ते पेज घेतात, पट्टी करून घेतात, बाकीच्या गोळ्या घेतात. फक्त हीच नको. तुमच्या पत्रातली ही ओळ मी चारदा वाचली. सगळे उपचार भोगाच्या आड येत नाहीत आणि एकच गोळी येते, असं का?

निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोन दिवस घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या एका गटाबरोबर जाते. आमच्यात सिस्टर असते ती खरं काम करते, मी बसते आणि ऐकते. जत तालुक्यात एक गवंडी होते, त्यांनाही असाच कॅन्सर. तेही म्हणायचे, देवाची इच्छा. तिसऱ्या भेटीत सिस्टरने त्यांची जखम धुता धुता सहज विचारलं, 'मामा, या गोळीची भीती वाटते का?' त्यांनी बराच वेळ तिच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, शेजारच्या म्हातारीला ही गोळी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यांच्या मनात ती मरणाची गोळी होती. म्हातारी गोळीने गेली नव्हती, तिला गोळी फार उशिरा मिळाली होती. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात, हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. कॅन्सरच्या दुखण्यात दिलं तर माणूस व्यसनी होतो, हीही भीतीच. हे सगळं आबांना कोणी सांगितलंय का? 'भोग' हा शब्द आपल्याकडे इतका मोठा आहे की त्याच्या मागे भीती सहज मावते.

भीती नसेल, खरोखरच अर्थ असेल, तर? मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची गोष्ट सांगते, कारण आजारही तोच होता. तोंडाचा कॅन्सर, 1923 मध्ये निघाला. पुढच्या सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया. गुंगी आणणारं औषध त्यांनी जवळपास शेवटपर्यंत नाकारलं, क्वचित ॲस्पिरिनसारखं साधं काही घ्यायचे, कारण डोकं स्वच्छ ठेवून विचार करायचा होता, लिहायचं होतं. तो अर्थ त्यांचा होता, आणि त्यांचे डॉक्टर मॅक्स शूर यांनी तो पाळला. शेवटी लंडनमध्ये जखमेला इतका वास यायला लागला की त्यांचा लाडका कुत्राही जवळ येईना. 21 सप्टेंबर 1939 ला ते शूरना म्हणाले की आता हा नुसता छळ आहे, यात काही अर्थ राहिला नाही. त्यानंतर मॉर्फिन दिलं गेलं, ते झोपेतून उठूच नये अशा बेताने, आणि 23 तारखेला ते गेले. त्या शेवटच्या मापाशी आपला संबंध नाही. आबांची गोळी दुखणं कमी करायची आहे. मला लक्षात ठेवायचंय ते एवढंच : सोळा वर्षं ज्या माणसाने दुखण्यापेक्षा अर्थ मोठा मानला, त्यानेच एके दिवशी अर्थ संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने ते ठरवलं नाही, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा ऐकायला माणूस शेजारी होता.

यातलं पुढचं मी पुस्तकात शिकले नाही. 1994 साली माझ्या आईचा कॅन्सर हाडांत उतरला. आम्ही मिरजेला राहत होतो. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आल्यापासून मॉर्फिनसाठी इतके परवाने लागायचे की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं होतं. (2014 मध्ये कायदा सुधारला, तेव्हा कुठे मार्ग मोकळा व्हायला लागला.) मी तेव्हा कॉलेजात दुःखाचं तत्त्वज्ञान शिकवत होते आणि घरी आई उशीच्या अभ्र्याचा कोपरा दातात धरायची. तो कोपरा चावून चावून कातडीसारखा कडक झाला होता. त्या महिनाभरात तिने कोणाची चौकशी केली नाही. माझी मुलगी शाळेतून येऊन पलंगापाशी उभी राहायची, आई तिच्याकडे बघायची, पण जणू मधे भिंत. मला वाटलं, आई आता अलिप्त झाली, मायेतून सुटली. मी तसं चक्क बहिणीला पत्रात लिहिलं. मग भाऊ महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेला आणि दोन दिवसांनी गोळ्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले आणि विचारलं, 'परसातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का गं?' ती अलिप्त झाली नव्हती. दुखण्याने तिची सगळी जागा व्यापली होती. पुढे ती एकोणीस दिवस होती. त्या एकोणीस दिवसांत तिने शेवग्याच्या शेंगांची आमटी मागितली, दोन भांडणं मिटवली, आणि माझ्या मुलीला वेणी घालायला शिकवलं.

म्हणून ताई, दुखणं एका पारड्यात आणि अर्थ दुसऱ्या पारड्यात, असं मी मांडणार नाही. एका मर्यादेपलीकडे दुखणं अर्थालाच खातं. नाझी छावण्यांतून वाचलेले व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव 'दुःखाला अर्थ असतो' म्हणून घेतलं जातं. पण टाळता येण्यासारखं दुःख असेल तर त्याचं कारण दूर करणं यातच अर्थ आहे, हेही त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलंय. आबांना नाम घ्यायचंय ना? रात्री दोन वाजता खांबाला टेकून उभं असताना नाम घेता येतं का, हे त्यांना विचारा. वाद घालायला नको, नुसतं विचारा. आणि पाटी त्यांच्या हातात द्या.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : 'आबा, कसले भोग?' लंडनमध्ये 1967 साली सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारं ठिकाण, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात पैशाची काळजी, माणसांची तुटातूट, मनातला अपराध सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, विहिरीच्या वाटणीचं. माझा अंदाज चुकीचा असेल, आणि मी तुमच्या घरात नाक खुपसत नाही. पण 'पुढं बाकी नको' असं लिहिणाऱ्या माणसाच्या मनात एखादी बाकी नेमकी असू शकते, नावानिशी, गावातल्या गावात. तसं असलं तर ती गालाच्या दुखण्याने फिटणार नाही. चुलत्यांना निरोप धाडून फिटेल कदाचित.

तुम्हाला बघवत नाही, ते कुठे धरायचं, असं विचारलंत. तेही आबांसमोर ठेवा. तुम्ही अंथरुणात डोळे मिटून पडता, ते आवाज न करता उभे राहतात, दोघंही एकमेकांना वाचवायला बघताय. 'आबा, मी जागी असते' एवढं सांगा. ही त्यांच्यावर बळजबरी होत नाही. आजारी माणूस बाप असायचा थांबत नाही, लेकीचं दुखणं आपल्याला कळावं हा त्याचाही हक्क आहे.

एवढं करूनही पाटीवर 'नको' आलं तर ते माना, आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा. एकदाचं 'नको' कायमचं धरू नका. तोवर करण्यासारखं खूप आहे. जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलची पूड पट्टीत घालता येते, वास बराच उतरतो. वासामुळे माणसं नातवंडांना जवळ घेत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिलंय. चेहऱ्यात कळ विजेसारखी जात असेल तर ते शिरांचं दुखणं, त्याची औषधं वेगळी असतात, त्यांना आबा कदाचित नाही म्हणणार नाहीत. आणि 'हो' आलं, तर सुरुवात हरिपाठानंतरच्या मात्रेने करता येईल का, पुढे बाकीच्या वेळा कशा बसवायच्या, ते डॉक्टरांशी बोला. झापड तीन-चार दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं आणि ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं.

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे. नातेवाईक म्हणतात, 'देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो.' मला याचा भयंकर राग येतो. माझं चुकतंय का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही. वर आबांबद्दल लिहिलं तेच इथे उलट्या बाजूने येतं. स्वतःच्या दुःखाला अर्थ देणं हा ज्याचा त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या दुःखाला बाहेरून अर्थ चिकटवणं ही आगळीक. त्यातून सांगणाऱ्याची सुटका होते, ऐकणाऱ्याचं ओझं तसंच राहतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी याचं मूळ धरलं होतं. गेल्या जन्मीच्या कर्मामुळे माणूस या जन्मी दुःखी असतो, या शिकवणीचा हेतू तरी काय, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर दिलं की गरीब आणि खाली दबलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही. 'खास आईबाप' ही त्याच शिकवणीची गोड आवृत्ती आहे. देवाने तुम्हाला निवडलं म्हटलं की इमारतीला उतार करून देण्याची, शाळेत दाखला देण्याची, तुम्हाला दोन तास झोपू देण्याची कोणाची जबाबदारी राहत नाही. तुमच्या मुलाचं अपंगत्व ठरावीक प्रमाणाहून अधिक असल्याचं प्रमाणपत्र असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्र काढलं नसेल तर आधी ते काढा.

तुम्हाला या मुलासोबतच्या दिवसांत अर्थ सापडत असेल, तर तो तुमचा. एखाद्या दिवशी सापडला नाही तरी तुम्ही कमी आई ठरत नाही. आणि पुढच्या खेपेला मावशी किंवा काकू ते वाक्य म्हणाल्या की त्यांना विचारा : शनिवारी दुपारी तीन ते सहा याच्याजवळ बसाल का? भरवायला पाऊण तास लागतो, मान कशी धरायची ते मी दाखवते.